नावात भूक, कामात जाग : पक्ष्यांच्या मेंदूविषयी वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या पत्रांत पक्ष्यांची भूक आणि जाग यांवर बरेच प्रश्न आले. एकमेकांशी जोडलेले प्रश्न एकाच ठिकाणी घेतले आहेत. प्रयोगशाळेतल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तिथल्या चुका पुस्तकांत सहसा छापलेल्या नसतात.

प्रश्न : मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. ‘ऑरेक्सिन’ हे मेंदूतलं भुकेचं रसायन आहे असं वाचलं. पक्ष्यांमध्ये ते असतं का? आणि आपल्या मेंदूत जिथे असतं तिथेच असतं का?
— शिक्षिका, सातारा

असतं. जागा मात्र थोडी सरकलेली आहे, आणि काम तर नावाला न शोभणारं आहे.

आधी नावाची गोष्ट. १९९८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दोन गटांना हेच रसायन स्वतंत्रपणे सापडलं. लुईस द लेसीआ आणि सहकाऱ्यांनी त्याला ‘हायपोक्रेटिन’ म्हटलं : हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या भागाच्या नावातला ‘हायपो’ आणि सिक्रेटिन या आतड्यातल्या संप्रेरकाचा ‘क्रेटिन’. ताकेशी साकुराई आणि मासाशी यानागिसावा यांच्या गटाने ते उंदरांच्या मेंदूत सोडलं, उंदीर जास्त खाऊ लागले, म्हणून त्यांनी भूक या अर्थाच्या ‘ऑरेक्सिस’ या ग्रीक शब्दावरून ‘ऑरेक्सिन’ नाव ठेवलं. सिक्रेटिनशी असलेलं साम्य पुढे फारसं टिकलं नाही. भुकेचं नाव मात्र लोकांच्या तोंडी बसलं.

दोनच वर्षांत चित्र पालटलं. १९९९ मध्ये झोपेचे झटके येणाऱ्या डॉबरमन कुत्र्यांत याच रसायनाच्या एका रिसेप्टरचं, म्हणजे ते ओळखणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाचं, जनुक बिघडलेलं सापडलं. २००० मध्ये नार्कोलेप्सी, म्हणजे असाच झोपेच्या झटक्यांचा आजार, झालेल्या माणसांच्या मेंदूत हे रसायन बनवणाऱ्या पेशी जवळपास नाहीशा झालेल्या दिसल्या. निरोगी माणसात त्या साधारण ७०,००० असतात. मेंदूच्या मानाने ही चिमूटभरच संख्या, पण ती गेली की माणूस बोलता बोलता झोपतो. म्हणजे याचं मुख्य काम जागं ठेवणं आहे. भूक हा त्याला लागून येणारा भाग, कारण जागं असल्याशिवाय अन्न शोधता येत नाही.

आता जागा. माणूस, उंदीर, मांजर यांच्यात या पेशी हायपोथॅलॅमसच्या बाहेरच्या बाजूला, फॉर्निक्स नावाच्या तंतूंच्या जुडग्याभोवती पसरलेल्या असतात. पक्ष्यात त्यांची मुख्य दाटी मध्यरेषेजवळ असते. मेंदूच्या आडव्या छेदात तिसरं निलय, म्हणजे द्रवाने भरलेली एक पोकळी, उभी फट म्हणून दिसते, दाराच्या दोन फळ्यांमधल्या फटीसारखी. या फटीच्या भिंतीला लागून पॅराव्हेंट्रिक्युलर केंद्रक, म्हणजे मेंदूच्या पेशींचा एक पुंजका, असतं. पेशींची रांग तिथे सुरू होते आणि विरळ होत बाहेर लॅटरल हायपोथॅलॅमसकडे जाते. कोंबडी, जपानी लाव्हा आणि हाउस फिंच हा गाणारा पक्षी या तिघांत ढोबळमानाने हेच चित्र आहे. मासे आणि बेडूक यांच्यातही या पेशी निलयाजवळच आढळतात. तेव्हा पक्ष्यात त्या ‘आत सरकल्या’ असं म्हणण्यापेक्षा सस्तन प्राण्यांत ‘बाहेर सरकल्या’ असं म्हणणं आम्हाला जास्त पटतं.

पेशी सरकल्या तरी त्यांचे तंतू जुन्याच पत्त्यांवर जातात : लोकस सेरुलियसमधल्या नॉरॲड्रेनॅलिन पेशी, मध्यरेषेतल्या राफे केंद्रकांमधल्या सेरोटोनिन पेशी, हायपोथॅलॅमसचा पुढचा भाग. यांतली पहिली दोन जागं ठेवणारी ठाणी आहेत.

रिसेप्टरचा फरक वर्गात जरूर सांगा. ऑरेक्सिनचे ए आणि बी असे दोन प्रकार आहेत, आणि सस्तन प्राण्यांत त्यांचे दोन रिसेप्टर असतात. पहिला मुख्यतः ऑरेक्सिन-ए ओळखतो, दुसरा ए आणि बी या दोघांनाही जवळपास सारखाच दाद देतो. पक्ष्यांत एकच असतो, तोही दुसऱ्या प्रकारचा. डॉबरमनमध्ये बिघडलेला रिसेप्टर हा दुसराच. जागं राहण्याशी ज्याचं नातं घट्ट, नेमका तोच पक्ष्यांकडे आहे.

आणि प्रयोग? १९९९ मध्ये कोंबडीच्या पिल्लांच्या मेंदूतल्या निलयात ऑरेक्सिन सोडून पाहिलं, खाणं वाढलं नाही. २००३ मध्ये जपानी लाव्यांना उपाशी ठेवून जनुकांची मोजणी झाली. भुकेच्या दुसऱ्या जनुकांत मोठे बदल दिसले, ऑरेक्सिनचं जनुक जागचं हललं नाही. २०१० मध्ये अंड्यांच्या जातीच्या पिल्लांना ऑरेक्सिन-ए दिलं, तेव्हा ती जास्त जागी आणि सावध झाली.

पक्ष्याची भूक राहते कुठे, तर जरा खाली आणि मागे. पिट्युटरीच्या देठाच्या मुळाशी इन्फंडिब्युलर केंद्रक आहे. आपल्याकडच्या आर्क्युएट केंद्रकाचा हा पक्ष्यांमधला जोडीदार. त्यात एजीआरपी आणि न्यूरोपेप्टाइड वाय ही भुकेची रसायनं बनवणाऱ्या पेशी खायला लावतात, तर शेजारच्या, पीओएमसी हे प्रथिन बनवणाऱ्या पेशी थांबवतात. न्यूरोपेप्टाइड वाय दिलं की कोंबडीची पिल्लं अक्षरशः तुटून पडतात, हे १९८७ पासून माहीत आहे. लाव्यांच्या त्या प्रयोगात उपासाने एजीआरपी चढलं होतं. ही व्यवस्था पक्षी आणि उंदीर यांच्यात जवळजवळ सारखी आहे.

प्रश्न : मी पशुवैद्यकात पदव्युत्तर शिक्षण घेते. कोंबडीच्या मेंदूत ऑरेक्सिन पेशी रंगवायच्या आहेत. तीनदा प्रयत्न केला. दोनदा सगळीकडे तपकिरी ठिपके आले, तिसऱ्यांदा काहीच आलं नाही. काय चुकतं आहे?
— विद्यार्थिनी, परभणी

दोन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. तुम्ही कोणतं प्रतिपिंड, म्हणजे ऑरेक्सिनला नेमकं चिकटणारं प्रथिन, वापरलं ते पत्रात नाही, म्हणून सुरवातीपासून येतो.

ठिपक्यांचा संशय सगळ्यात आधी रक्तावर. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना (पेशीच्या आतलं) केंद्रक असतं, आणि त्यांतलं हिमोग्लोबिन पेरॉक्सिडेज या रंग उठवणाऱ्या विकरासारखं वागतं. मेंदूत रक्त राहिलं की डीएबी या रसायनाच्या तपकिरी रंगात प्रत्येक तांबडी पेशी तपकिरी होते. ठिपके अंडाकार आणि एकसारख्या आकाराचे असतील, बारीक रेषांमध्ये ओळीने बसलेले असतील, तर त्या केशवाहिन्या समजा. फ्लुरोसंट पद्धत वापरली तरी सुटका नाही. डॅपी या केंद्रकं दाखवणाऱ्या रंगात या पेशींची केंद्रकं चमकतात आणि मेंदूच्या पेशी म्हणून मोजली जातात. सस्तन प्राण्यांवर शिकलेला माणूस इथे हमखास फसतो.

म्हणून धुणं नीट करा. खोल भूल दिल्यावर हृदयाच्या डाव्या कप्प्यातून हेपरिन घातलेलं ०.९ टक्के सलाइन सोडा आणि उजवं अलिंद कापून वाट करून द्या. बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत थांबा. मगच ऊतक स्थिर करणारं ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, ०.१ मोलर फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७.४. मोठ्या कोंबडीत सगळं शरीर धुण्यात द्रव वाया जातो, तिथे मानेतल्या कॅरोटिड धमन्यांतून दिलेलं बरं. धुणं आधी आणि स्थिरीकरण नंतर हा क्रम उलटला तर रक्त वाहिन्यांतच गोठतं, मग कितीही द्रव सोडा. या सगळ्याला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी मंजुरी हवी, हे तुमच्या मार्गदर्शकांनी सांगितलंच असेल.

मंजुरीला वेळ लागत असेल, तर कत्तलखान्यातल्या डोक्यांवर सराव करता येतो. अशा मेंदूत रक्त राहणारच, पण छेद घेणं आणि जागा ओळखणं शिकता येतं. डोकं मिळाल्यापासून काही मिनिटांत कवटी उघडा. कोंबडीचा मेंदू तीन-चार ग्रॅमचा, तरीही अख्खा बुडवला तर आतपर्यंत द्रव पोचायला वेळ लागतो. फॉर्मल्डिहाइड तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत जातं. म्हणून हायपोथॅलॅमसचा तुकडा वेगळा करून बुडवा.

मेंदू बाहेर काढताना एक जागा जपा. पक्ष्यांच्या दृक्‌चेता जाड असतात. त्या न कापता मेंदू उचलला की हायपोथॅलॅमसचा तळ फाटतो. पिट्युटरी हाडाच्या खोबणीत घट्ट बसलेली असते, तिचा देठ ताणला की मीडियन एमिनन्स (देठाच्या मुळाचा भाग) आणि त्यासोबत इन्फंडिब्युलर केंद्रकाचा काही भाग कवटीतच राहतो. नंतर काचपट्टीवर ‘भुकेच्या पेशी नाहीत’ असं दिसतं, आणि त्या खरंच तिथे नसतात. डोकं उलटं धरा, बारीक कात्रीने दृक्‌चेता हाडालगत कापा, मग देठ कापा, आणि मेंदूला स्वतःच्या वजनाने हातात येऊ द्या.

पुढे ३० टक्के सुक्रोजमध्ये तुकडा तळाशी बसेपर्यंत ठेवा. तरंगत असताना गोठवला तर बर्फाच्या कणांनी जाळी पडते. छेद ३० ते ४० मायक्रॉनचे घ्या. छेदाचा कोन फार महत्त्वाचा. कार्टन आणि होडोस यांचा कबुतराच्या मेंदूचा १९६७ चा नकाशासंग्रह आणि क्युएन्झेल व मॅसन यांचा पिल्लाच्या मेंदूचा १९८८ चा नकाशासंग्रह, दोन्ही डोकं ४५ अंशांत झुकवून केले आहेत. मेंदू सपाट ठेवून कापला तर नकाशातल्या एका पानावरची रचना तुमच्या पाच-सहा छेदांत विखुरते. खूण म्हणून अँटेरियर कमिशर शोधा. मध्यरेषा ओलांडणारा हा पांढरा पट्टा पक्ष्यात बारीक असतो, पण चुकत नाही. तो दिसला की पॅराव्हेंट्रिक्युलर केंद्रकाच्या आसपास आलात. तिथून मागे प्रत्येक चौथा छेद ठेवत चला.

आता रंगवणं :

१. ०.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, अर्धा तास. उरल्यासुरल्या रक्ताचं पेरॉक्सिडेज याने मारायचं. रक्त बरंच उरलं असेल तर १ टक्क्यापर्यंत जा. फार बुडबुडे आले तर छेद फाटतात.

२. ५ टक्के सीरम आणि ०.३ टक्के ट्रायटन, एक तास. प्राथमिक प्रतिपिंड ऑरेक्सिनला चिकटतं, दुय्यम त्या प्राथमिकाला. सीरम दुय्यम प्रतिपिंड ज्या प्राण्याचं, त्याच प्राण्याचं घ्या. प्राथमिक प्रतिपिंड शेळीचं असताना शेळीचंच सीरम वापरलं की दुय्यम प्रतिपिंड त्या सीरमलाच चिकटतं आणि सगळी पट्टी तपकिरी होते. दोनदा सगळीकडे रंग आला त्यामागे रक्त नसेल, तर हे तपासा.

३. प्राथमिक प्रतिपिंड ४ अंश सेल्सियसला, ३६ ते ४८ तास. विरलन १:१००० पासून सुरू करा आणि १:५००० पर्यंत एका पक्ष्याच्या छेदांवर मालिका लावा. पहिल्याच दिवशी सगळे मौल्यवान छेद एका विरलनात टाकू नका.

४. दुय्यम प्रतिपिंड, एव्हिडिन-बायोटिन संयुग, प्रत्येकी साधारण तासभर, मध्ये बफरच्या तीन धुण्या.

५. ०.०५ टक्के डीएबी, त्यात अगदी थोडं पेरॉक्साइड. सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहा. पेशी तीन ते आठ मिनिटांत उठतात. पार्श्वभूमी पिवळसर व्हायला लागली की लगेच बफरमध्ये. डीएबी कर्करोगकारक मानलं जातं. हातमोजे घाला आणि उरलेला द्रव बेसिनमध्ये ओतू नका.

तिसऱ्या खेपेला काहीच आलं नाही, त्याचं कारण बहुधा प्रतिपिंडात आहे. बाजारातली बहुतेक प्रतिपिंडं सस्तन प्राण्यांच्या ऑरेक्सिनवर बनवलेली असतात. माहितीपत्रकात ते रेणूच्या कोणत्या टोकावर बनवलं ते बघा. ऑरेक्सिन-ए ३३ अमिनो आम्लांचं, बी २८ चं, आणि सस्तन प्राण्यांत दोघांच्या शेवटच्या दहापैकी नऊ अमिनो आम्लं जशीच्या तशी आहेत. म्हणून शेपटाकडच्या टोकावरचं प्रतिपिंड ए आणि बी दोघांनाही धरतं. ‘ऑरेक्सिन-ए पेशी’ असा मथळा प्रबंधात देण्याआधी हे लक्षात घ्या. सुरवातीच्या टोकावरचं प्रतिपिंड कोंबडीत चालेल याची हमी नसते.

तपासणी तीन प्रकारे. एका पट्टीवर प्राथमिक प्रतिपिंड न घालता बाकी सगळं करा, तिथे रंग आला तर तो खोटा. दुसऱ्या पट्टीसाठी प्रतिपिंड आधी ऑरेक्सिन पेप्टाइडसोबत रात्रभर ठेवा, मग वापरा, रंग जायला हवा. तिसरी पट्टी उंदराच्या हायपोथॅलॅमसची, तीही त्याच दिवशी, त्याच द्रवांत. उंदरात पेशी उठल्या आणि कोंबडीत नाही, तर प्रतिपिंड कोंबडीचं रसायन ओळखत नाही. दोन्हींत नाही, तर साखळीतली एखादी कडी सुटली. एवढं केलं असतं तर तिसरी खेप वाया गेली असं वाटलं नसतं, काही तरी शिकवून गेली असती.

पेशी मोजण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचं पत्र त्याचंच येईल. एकच पेशी दोन छेदांत कापली जाऊन दोनदा मोजली जाते. ॲबरक्रॉम्बीची साधी दुरुस्ती अशी : मोजलेली संख्या गुणिले छेदाची जाडी, भागिले छेदाची जाडी अधिक पेशीचा व्यास. समजा ४० मायक्रॉनच्या छेदांत २२० पेशी मोजल्या आणि पेशीचा व्यास १५ मायक्रॉन आहे. २२० गुणिले ४० भागिले ५५, म्हणजे १६०. प्रत्येक चौथाच छेद ठेवला होता, म्हणून १६० गुणिले ४, म्हणजे ६४०. जाडी मात्र वाळल्यानंतरची खरी मोजा. यंत्रावर ४० लिहिलं असलं तरी काचपट्टीवर छेद वाळून पातळ होतो.

प्रश्न : ब्रॉयलरची पाच हजारांची शेड आहे. एक विक्रेता ‘मेंदूतलं भुकेचं केंद्र जागं करणारं’ औषध पाण्यातून द्यायला सांगतो. घ्रेलिन वाढतं म्हणतो. द्यावं का?
— कुक्कुटपालक, मालेगाव

देऊ नका. दोन कारणं.

घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ मध्ये उंदराच्या जठरात सापडलं. माणसात, उंदरात ते भूक लावतं. कोंबडीत नेमकं उलट. पिल्लाच्या मेंदूत घ्रेलिन सोडलं की पिल्लू खाणं कमी करतं. रेणू तोच, तो कोंबडीच्या ग्रंथिल जठरातही बनतो, पण मेंदूतला अर्थ फिरलेला. औषधाने खरंच घ्रेलिन वाढत असेल तर तुमचंच नुकसान. वाढत नसेल तर पैसे पाण्यात, शब्दशः.

दुसरं, अशी पेप्टाइडं पाण्यातून दिली तर आतड्यात प्रथिनांसारखी पचतात. वर सांगितलेले प्रयोग थेट मेंदूतल्या निलयात सुई घालून झालेले आहेत, पिल्लामागे जेमतेम दहा मायक्रोलिटर द्रव. शेवटी निळा रंग निलयात पसरलाय का ते पाहून, सुई चुकलेली पिल्लं हिशोबातून काढून टाकतात. शेडमध्ये याचं काहीही होऊ शकत नाही.

ब्रॉयलरला भूक कमी पडते असं सहसा होत नाही. वाढीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करताना आपण त्याचा थांबण्याचा लगामच सैल केला आहे, म्हणून तर त्यांच्या आईबापांच्या कळपाला मोजून खाद्य द्यावं लागतं. पक्षी खात नसेल तर कारण शेडमध्ये शोधा. पहिल्या दिवशी पिल्लाच्या उंचीवर ३२-३३ अंश आहे का, हे दिव्याजवळ नाही, पिल्लांच्या अंगाजवळ मोजा. २४ तासांनी पिल्लं हातात घेऊन गळ्यातली अन्नपिशवी, म्हणजे तुमच्या भाषेतला क्रॉप, चाचपा. शंभरातल्या ९५ पिल्लांचा क्रॉप भरलेला आणि मऊ लागायला हवा. कडक लागला तर खाद्य मिळालं पण पाणी नाही. नुसतं पाण्याने फुगलेला असेल तर उलट. मालेगावच्या उन्हाळ्यात दुपारी खाणं घटणारच, तेव्हा खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या आणि पाण्याच्या पाइपलाइनवर सावली करा. तूस ओलं होऊन डोळ्यांना झोंबण्याइतका अमोनिया झाला असेल, तर आधी ते हलवा.

आणि रात्रभर दिवे ठेवू नका. पहिले काही दिवस सोडले तर किमान चार ते सहा तास सलग अंधार हवा. पिल्लू जागं म्हणजे खाणारं, असं वाटतं खरं, पण सलग उजेडात पायांचे आजार आणि अचानक मरतूक वाढते.

प्रश्न : जुन्या पुस्तकात ‘हायपरस्ट्रायटम’, ‘आर्किस्ट्रायटम’ अशी नावं आहेत, नव्यात दिसत नाहीत. कोणती वापरायची?
— पीएचडी विद्यार्थी, पुणे

नवी. जुन्या नावांमागे समज असा होता की पक्ष्याचा पुढचा मेंदू जवळपास सगळा स्ट्रायटम, म्हणजे नुसता अंतःप्रेरणेचा कारखाना. २००२ च्या जुलैमध्ये ड्यूक विद्यापीठात तज्ज्ञ जमले आणि २००४ मध्ये सुधारित नावं प्रसिद्ध झाली. आर्किस्ट्रायटमचं आर्कोपॅलियम झालं, एक्टोस्ट्रायटमचं एन्टोपॅलियम, पॅलिओस्ट्रायटम ऑग्मेंटाटमचं लॅटरल स्ट्रायटम. जागं राहण्याच्या अभ्यासात उपयोगी पडणारा एक बदल मध्यमेंदूत आहे : जुन्या नकाशातलं ‘टीपीसी’ म्हणजे आता सब्स्टॅन्शिया नायग्राचा कॉम्पॅक्टा भाग, डोपामिनच्या पेशींचा. हायपोथॅलॅमसची नावं बहुतेक तशीच राहिली. त्यामुळे भुकेच्या कामासाठी जुना नकाशा बिनधास्त वापरा, फक्त पुढच्या मेंदूचं नाव लिहिताना थांबा.

प्रश्न : लॅटरल हायपोथॅलॅमस नष्ट केला की पक्षी खाणं सोडतो, म्हणजे भुकेचं केंद्र तेच, असं आम्हाला शिकवलं. तुम्ही ते दुसरीकडे दाखवता. हे कसं?
— निवृत्त प्राध्यापक, नागपूर

शिकवलं ते निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष घाईचा होता. पक्षी खात नाही म्हणजे त्याला भूक नाही, हे गृहीत धरलं गेलं.

दाणा टिपणं हे चोचीच्या स्पर्शाचं नाजूक काम आहे. चोचीने दाणा पकडायचा, तो दाणाच आहे की खडा ते जिभेने-चोचीने ओळखायचं, मग घशाकडे सरकवायचा. या स्पर्शाची वार्ता पाचव्या मस्तिष्क चेतेच्या केंद्रकातून थेट पुढच्या मेंदूत जाते, थॅलॅमसमध्ये न थांबता. या मार्गाला क्विंटोफ्रंटल मार्ग म्हणतात. झिगलर आणि कार्टन यांनी १९७३ मध्ये कबुतरात याच मार्गावरच्या रचना नष्ट केल्या, आणि कबुतरं खाईनाशी झाली. हा मार्ग हायपोथॅलॅमसच्या शेजारून जातो. म्हणून विजेने जाळून केलेल्या जखमेत पेशी मेल्या की वाटेतले तंतू तुटले, हे काचपट्टी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

असे जुने निबंध वाचताना आम्ही दोन गोष्टी शोधतो. नळीने भरवल्यावर पक्षी जगला आणि पुढे स्वतः खाऊ लागला का? आणि दाण्याकडे गेला, टोचलंही, पण उचलता आला नाही, असं कुणी नोंदवलंय का? टोचणारा पक्षी भुकेला आहे, त्याची चोच आंधळी झाली आहे.

व्हेंट्रोमेडियल भागाचं निरीक्षण मात्र जास्त टिकलं. तो नष्ट केला की कोंबड्या बेसुमार खाऊन लठ्ठ होतात, हे १९६० च्या दशकापासून दिसलं आहे.

प्रश्न : कोंबडीत लेप्टिन आहे की नाही? जुन्या शोधनिबंधांत ‘आहे’, काही ठिकाणी ‘नाही’.
— पशुआहार सल्लागार, कोल्हापूर

लेप्टिन, म्हणजे भूक आवरणारं संप्रेरक, कोंबडीत आहे, पण जुन्या निबंधांत म्हटलं तिथे आणि तसं नाही. १९९८ मध्ये कोंबडीचं लेप्टिन जनुक म्हणून जाहीर झालेला क्रम उंदराच्या क्रमाशी इतका जुळणारा होता की तो कोंबडीचाच आहे का, असा प्रश्न अनेकांनी विचारला. २००४ मध्ये कोंबडीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, त्यात ते सापडलं नाही. २०१४ मध्ये ससाणा, झेब्रा फिंच आणि कबुतर यांच्यात खरं पक्षी-लेप्टिन मिळालं, आणि २०१६ मध्ये कोंबडीतही. त्याच्या क्रमात जी आणि सी अक्षरांची इतकी गर्दी आहे की क्रम वाचणाऱ्या यंत्रांना ते निसटत होतं.

धंद्याच्या दृष्टीने मुद्दा असा की पक्ष्यांत ते चरबीत बनत नाही. ‘चरबी वाढली, लेप्टिन वाढलं, भूक कमी झाली’ ही उंदराची साखळी कोंबडीच्या रेशनच्या गणितात घालू नका. १९९८ ते २०१४ मधले, उंदराच्या लेप्टिनवरच्या किटने कोंबडीच्या रक्तात ‘लेप्टिन’ मोजणारे आकडे आम्ही तरी बाजूला ठेवतो.

प्रश्न : स्थलांतर करणारे पक्षी रात्रंदिवस उडतात, भरपूर खातातही. त्यांना झोप लागतच नाही का?
— पक्षीनिरीक्षक, भिगवण

लागते, तुकड्यातुकड्याने. गलापागोसच्या मोठ्या फ्रिगेट पक्ष्यांच्या डोक्यावर मेंदूलहरी नोंदवणारं यंत्र बसवलं होतं, त्याचे निकाल २०१६ मध्ये आले. उडताना दिवसाकाठी सरासरी ४२ मिनिटं झोप, कधी अर्ध्या मेंदूची, कधी पूर्ण मेंदूची. जमिनीवर उतरल्यावर बारा तासांच्या वर. डोक्यावर पांढरे पट्टे असलेली एक अमेरिकन चिमणी आहे, व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो. स्थलांतराच्या हंगामात पिंजऱ्यातसुद्धा तिची झोप जवळपास दोन-तृतीयांशाने घटते.

जाग आणि भूक या दोन्ही यंत्रणा अशा वेळी एकदम चढतात, म्हणून त्या एकच आहेत असं वाटतं. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला दिवसा पोटभर खाऊ दिलं तरी रात्रीची तळमळ थांबत नाही, यावरून दोन्ही तारा वेगळ्या असाव्यात असा आमचा कयास आहे. उजनीच्या पाणलोटावर उतरलेले पट्टकादंब पाहाल तेव्हा थव्याच्या कडेला बसलेल्यांचे डोळे दुर्बिणीतून बघा. एक डोळा मिटलेला आणि एक उघडा असेल तर उघडा डोळा बहुधा थव्याबाहेरच्या बाजूला असतो. मॅलार्ड बदकांवर १९९९ मध्ये हेच मोजलं गेलं होतं : रांगेच्या कडेला बसलेली बदकं अर्ध्या मेंदूची झोप जास्त घेतात. वेळ, थव्यातली जागा आणि कोणता डोळा, एवढ्या तीन नोंदी वहीत ठेवा. पुढच्या पत्रात त्याच पाठवा.